ईमेलमधला ठरावीक मजकूर पुन्हा पुन्हा टाइप न करता चिकटवण्यासाठी छोटं टूल आहे का?

आहे, आणि फुकट आहे. विंडोजवर ऑटोहॉटकी टाका. ते मेमरीत गुपचूप बसून राहतं, तुम्ही ठरवलेली खूण टाइप करून स्पेस किंवा एंटर दाबलं की तिच्या जागी साठवलेला मजकूर टाकतं. ऑटोहॉटकीच्या साध्या मजकूर-फाइलमध्ये (.ahk) एकच ओळ लिहायची: दोन कोलन, खूण, पुन्हा दोन कोलन, मग मजकूर. मॅक किंवा लिनक्स असेल तर एस्पान्सो घ्या.

खूण मात्र विचार करून निवडा. साधा शब्द ठेवलात तर भलत्या वाक्यात मधेच अख्खा पत्ता येऊन पडेल. सुरुवातीला स्वल्पविराम किंवा अर्धविराम लावला की हा त्रास संपतो.

मजकूर मराठी असेल तर फाइल 'यूटीएफ-८ विथ बीओएम' म्हणून सेव्ह करा (बीओएम म्हणजे अक्षरं कोणत्या पद्धतीने साठवली आहेत ते सांगणारी फाइलच्या सुरुवातीची अदृश्य खूण). ऑटोहॉटकीच्या जुन्या आवृत्तीत बीओएम नसेल तर अक्षरांचा पार चुथडा होतो.

पासवर्ड यात अजिबात ठेवू नका, फाइल उघडी असते, कोणीही वाचू शकतं.

दोन-चारच वाक्यं असतील तर वेगळं काही टाकायचीही गरज नाही. विंडोज १० (आवृत्ती १८०९ पासून) आणि ११ मध्ये विंडोज की + व्ही दाबा, क्लिपबोर्डचा इतिहास चालू करा आणि हवा तो मजकूर पिन करा. पिन केलेला मजकूर संगणक बंद करून चालू केला तरी राहतो, बाकीचा जातो.