घंटा वाजवून झाल्यावर

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. किमो संपल्यावर काही घरांनी ‘आता डबे नकोत’ म्हणून कळवलं, तेव्हा आपल्या मराठी मंडळाच्या मदतीच्या यादीतून त्यांची नावं काढायची का, असं विचारलंयस. काढू नकोस.

इथे अमेरिकेत शेवटचं रेडिएशन झालं की पेशंटला घंटा वाजवायला देतात. टाळ्या होतात, फोटो पुण्या-नागपूरला जातो, ‘सुटलात एकदाच्या’ म्हणून फोन येतात. मग ते फोन आटतात. आणि स्तनाच्या कॅन्सरमध्ये बऱ्याच जणींच्या हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या खरं तर तेव्हाच सुरू होतात, पाच वर्षं, कधी दहा. त्यातल्या लेट्रोझोलने सांधे धरतात. साठीतल्या बाईला वाटतं वय झालं, आणि ती डॉक्टरला न सांगताच गोळी बंद करते. अशा वेळी घरात येणारं-जाणारं कोणी लागतं.

‘कशा आहात काकू?’ विचारलंस तर ‘बरंय’ हेच ऐकशील. पाहुण्याला आपल्याकडे दुसरं उत्तर देत नाहीत. पोळी लाटताना लाटणं हाताला जाणवतं का, ब्लाउजचे हूक लागतात का, असं विचारावं. (हूकचं तू राहू दे, ते मी विचारीन.) पॅक्लिटॅक्सेल या किमोच्या औषधाने बोटांची टोकं बधिर होतात आणि काहींची पुढे महिनोन्महिने तशीच राहतात. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हातावर लक्ष ठेवायचं. कालपर्यंत सैल फिरणारी बांगडी मनगटात रुतायला लागली की घरचे तेल लावून चोळायला घेतात. ते थांबव. ती लिम्फेडेमाची, म्हणजे गाठी काढल्यावर हातात द्रव साचून येणारी सूज असू शकते, डॉक्टरांना फोन करून त्याच्या थेरपिस्टची वेळ मागायची. लवकर गाठलं तर बरीच आटोक्यात राहते.

अपॉइंटमेंटला गाडी चालव, पण दुभाषा होऊ नकोस. घरच्या मुलालाही होऊ देऊ नकोस. ‘आजार परत आलाय’ हे मुलगा बापाला सांगत नाही, आणि लघवीवर ताबा राहत नाही हे बाप मुलासमोर बोलत नाही. सरकारी पैसा घेणाऱ्या हॉस्पिटलने दुभाषा फुकट द्यायचा असतो, 1964 च्या नागरी हक्क कायद्यापासूनचं बंधन आहे ते. वेळ घेतानाच ‘मराठी’ असं ठासून सांग. नाहीतर फोनवर हिंदीवाला येतो आणि आजोबा संकोचाने नुसती मान हलवत बसतात.

गावाकडून आलेल्या पुड्या, हळदीच्या कॅप्सूल, अश्वगंधा दिसली तर भाषण देऊ नकोस. डब्यांचे फोटो काढून ते डॉक्टरांना दाखवायला लाव. वरणातल्या हळदीला कोणी हात लावत नाही.

आता पैशाचं. आपली माणसं याबद्दल सगळ्यात कमी बोलतात. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याची नोकरी सुटली तर नवी शोधायला जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात, म्हणून माणूस अंगात त्राण नसतानाही कामावर जातो. पन्नास किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या कंपनीत वर्षभर काम झालेलं असेल तर साधारणपणे 12 आठवड्यांची बिनपगारी रजा कायद्याने मिळते, नोकरी राखून. हे कितीतरी इंजिनियरांना ठाऊक नसतं. ग्रीन कार्डावर आलेल्या आई-वडिलांना पासष्टी उलटली तरी मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, विकत घ्यायला सलग पाच वर्षं इथे काढावी लागतात. पण ना-नफा हॉस्पिटलला बिलात सवलत द्यायचं लेखी धोरण ठेवावंच लागतं, आणि घरी सोडल्यावरच्या पहिल्या बिलापासून निदान 240 दिवस त्यासाठी अर्ज करता येतो. लोक लाजेने क्रेडिट कार्डावर भरून टाकतात, ते मला फार लागतं. व्हिसावर परिणाम होईल का, हे मात्र वकिलालाच विचारायचं. व्हॉट्सअॅपवरच्या मामांना नाही.

व्हॉट्सअॅपवरून आठवलं, मंडळाच्या ग्रुपवर कुणाचंही नाव टाकू नकोस, ‘प्रार्थना करा’ म्हणूनसुद्धा. त्या घरात मुलीचं लग्न जमवायचं असतं. लोकांचं हे वागणं मला पटत नाही, पण कोणाला कळू द्यायचं हे त्या घरानेच ठरवावं.

ज्या काकांनी सगळ्यात आधी डबा बंद केला, त्यांच्याकडे रविवारी जा. रिकाम्या हाताने गेलास तरी चालेल. हॉस्पिटलचे न फोडलेले लिफाफे घरात कुठेतरी असतीलच. हरकत नसेल तर त्यांच्या शेजारी बसून एकेक फोड, पहिल्या बिलाची तारीख बघ आणि संध्याकाळी मला फोन कर. अर्ज आपण दोघं मिळून भरू.

तुझी,
मावशी