वाचकांचे प्रश्न : कारागृहातल्या कारखान्यावर देखरेख

प्रश्न : कारागृहाच्या अभ्यागत मंडळावर, म्हणजे आत भेट देऊन पाहणी करणाऱ्या मंडळावर, अशासकीय सदस्य म्हणून माझी नेमणूक झाली आहे. आत शिवणकाम आणि सुतारकाम चालतं. भेटीत नेमकं काय तपासावं?

उत्तर : आधी कार्यालयात बसा, कारखान्यातली फेरी नंतर. गेल्या महिन्यातला एक दिवस तुम्ही स्वतः निवडा आणि त्या दिवसाच्या हजेरीपटावरची दहा नावं उतरवून घ्या. हीच नावं मजुरीपत्रकात, बंद्यांच्या वैयक्तिक खात्यांत, न्यायालयात नेलेल्यांच्या यादीत आणि रुग्णालयाच्या नोंदवहीत शोधा. जो बंदी त्या दिवशी तारखेला गेला होता, तो कारखान्यात हजर कसा? जो खरोखर हजर होता, त्याच्या खात्यात मजुरी कधी जमा झाली? पहिल्या प्रकारात न केलेल्या कामाचे पैसे निघतात. दुसऱ्यात केलेल्या कामाचे पैसे अडकतात आणि बंद्याला ते घरी पाठवता येत नाहीत. दुसरा प्रकार कमी गंभीर समजला जातो, आम्हाला तो जास्त गंभीर वाटतो.

मग कच्चा माल. समजा 450 मीटर कापड दिलं आणि एका सदऱ्याला 2.25 मीटर असं प्रमाण ठरलेलं आहे. म्हणजे 200 सदरे यायला हवेत. 185च आले तर 33.75 मीटरचा हिशेब मागा : चिंध्यांचं वजन, नापास नग, शिल्लक तागा. ‘कटिंगमध्ये गेलं’ हे उत्तर चालत नाही, कारण कटिंगची घट त्या प्रमाणात आधीच धरलेली असते. शेवटी मुख्य दरवाजावरची आवक-जावक वही भांडारवहीशी जुळवा. कारखान्याच्या वह्या एकमेकींशी जुळवून लिहिता येतात, पण दरवाजावरची वही वेगळ्या माणसाच्या हातात असते.

सुतारकामात पटाशी, करवत, रंधा यांची आकृती फळ्यावर रंगवलेली असावी, म्हणजे रिकामी जागा लगेच दिसते. हत्यारं देताना, जेवणाच्या सुट्टीआधी आणि काम संपल्यावर अशी तीनदा मोजणी हवी. मोडलेल्या पात्याचे सगळे तुकडे जमा झाल्याशिवाय नवं पातं देऊ नये. यंत्राच्या पट्ट्यावर आणि गोल करवतीवर संरक्षक जाळी आहे का, ते हात लावून बघा. काम भराभर व्हावं म्हणून ती काढून ठेवलेली असू शकते. अपघातांची वही कोरी असेल तर रुग्णालयाच्या वहीत बोटाच्या जखमा शोधा.

1894च्या कारागृह अधिनियमाच्या कलम 35नुसार, अधीक्षकांनी लेखी मंजुरी दिलेला आणीबाणीचा प्रसंग सोडला, तर दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. शिवाय काम करणाऱ्या बंद्याचं वजन किमान पंधरवड्याला एकदा नोंदवावं लागतं. तुमच्या राज्याने नवा कायदा केला असेल तर त्यातली तरतूद पाहा. सलग तीन नोंदी उतरत्या असूनही काम बदललं नसेल, तर वैद्यकीय अधिकाऱ्यांना कारण विचारा.

प्रश्न : कारागृह उद्योग नफ्यात असणं चांगलंच ना?

उत्तर : नफा कसा काढला त्यावर ते ठरतं. निदेशकांचे (काम शिकवणाऱ्यांचे) पगार कारागृहाच्या मुख्य खर्चात, वीजबिल एकत्र, यंत्रांचा घसारा धरलेलाच नाही आणि मजुरी बाहेरच्यापेक्षा कितीतरी कमी, अशा हिशेबात तोटा दिसणं कठीण. माल घेणारी बरीच खाती सरकारीच. माल पोचला की विक्रीची नोंद होते, पैसे मात्र रखडतात. म्हणून येणी 30, 90 आणि 180 दिवस अशी फोड करून मागा.

त्याआधी विचारा : काम प्रत्यक्ष किती दिवस चाललं, कच्चा माल नाही म्हणून किती दिवस बंद राहिलं, किती जणांनी प्रशिक्षण पूर्ण केलं? बंद्यांना कसं वागवावं याचे किमान निकष म्हणून संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये स्वीकारलेल्या मंडेला नियमांतला 99वा नियम सांगतो की नफ्यापायी बंद्यांचं हित आणि प्रशिक्षण दुय्यम होता कामा नये. खासगी कंपनीचं काम घेतलं असेल तर 100व्या नियमानुसार देखरेख कारागृह कर्मचाऱ्यांचीच हवी आणि कंपनीने त्या कामाची पूर्ण प्रचलित मजुरी प्रशासनाकडे भरायला हवी.

प्रश्न : माझ्या भावाचा खटला अजून चालू आहे. त्याला काम करायला लावता येतं का?

उत्तर : नाही. सक्ती फक्त सक्तमजुरीची शिक्षा झालेल्यांवर आहे. तुमच्या भावाने स्वतःहून काम मागितलं तर ते द्यावं आणि त्याचे पैसेही द्यावेत. त्याची लेखी संमती घेतली आहे का, ते विचारा. सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्ये, गुजरात सरकारच्या प्रकरणात, बंद्यांना कामाची न्याय्य मजुरी द्यावी असा निर्णय दिला. दर सुचवण्यासाठी राज्यांनी समिती नेमावी, असंही त्यात आहे. दर ठरल्यावर तो वर्षानुवर्षं तसाच राहतो, ही खरी अडचण. मजुरीतून काही वजावट होत असेल तर ती कोणत्या आदेशाने, हे त्याला लेखी मागता येईल.

प्रश्न : सफाईचं काम ठरावीक बंद्यांनाच मिळतं अशी कुजबुज आहे. हे सिद्ध कसं करायचं?

उत्तर : सर्वोच्च न्यायालयाने 3 ऑक्टोबर 2024 रोजी कारागृहातलं जातीवर आधारलेलं कामवाटप घटनाबाह्य ठरवलं आणि नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला सांगितलं. रकाना गेला म्हणजे भेदभाव गेला असं नाही, तो फक्त कागदावर दिसेनासा होऊ शकतो. सहा महिन्यांचे कामवाटपाचे तक्ते घ्या. संडास-गटार सफाई, स्वयंपाकघर आणि कार्यालयीन कामं यांत नावं फिरतात का, ते पाहा. सफाईत तीच ती नावं येत असतील तर वाटप कोणत्या निकषावर केलं, ते लेखी मागा. बंद्यांशी बोलताना कर्मचारी दिसतील पण त्यांना ऐकू जाणार नाही, एवढ्या अंतरावर ठेवा. बोलावताना वेगवेगळ्या बराकींतल्या बऱ्याच जणांना बोलवा, म्हणजे तक्रार कोणी केली ते ओळखू येणार नाही. अभ्यागत नोंदवहीत तारीख, कामाचा प्रकार आणि अपेक्षित बदल लिहा, बंद्याचं नाव लिहू नका. पुढच्या भेटीत याच शेऱ्याचा पूर्तता अहवाल सर्वांत आधी मागा.