श्वास तू स्वतः मोज

अगं, काल ड्यूटी बदलताना पेशंटची ओव्हर देताना तुझे डोळे भरून आले होते, सगळ्यांसमोर काही बोलले नाही. आत्ता नाइट संपवून स्वारगेटला बसची वाट बघतेय तर लिहूनच टाकते.

सलाइनची सुई, व्हेनफ्लॉन, शिरेत एका प्रिकमध्ये जात नाही म्हणून तू रडतेस, पण हात बसतो गं, थोडे महिने जाऊ देत. मला काळजी वेगळीच आहे. ओव्हर घेताना तुझ्या चार्टवर सलग सहा पेशंटचं रेस्पिरेशन, मिनिटाचे श्वास, २० लिहिलेलं दिसलं. बीपी मशीन सांगतं, ऑक्सिजनचं सॅच्युरेशन मशीन सांगतं, ट्रायजला, म्हणजे पेशंट आल्याआल्या तपासतो तिथे, श्वास तेवढा आपण मोजायचा असतो आणि तोच सगळे ठोकून देतात.

मीही द्यायचे. नोकरीचं दुसरं वर्ष, दुसरं हॉस्पिटल, गणपतीचे दिवस, बाहेर ढोल आणि आत तोबा गर्दी. कॉलेजातली एक मुलगी उलट्या आणि पोटात दुखतंय म्हणून आली. मी न मोजता २० लिहिलं आणि तिला बाकावर बसवलं. पाऊण तासाने मावशी म्हणाल्या, सिस्टर, ही पोरगी पळत आल्यासारखी धापा टाकतेय. मोजला तर ३६, खोल खोल श्वास, तोंडाला गोडसर वास, आणि शुगर बघितली तर मीटरवर आकडाच येईना, नुसतं 'हाय'. डीकेए, डायबेटिसमध्ये रक्तात ॲसिड साठतं ते. सॅच्युरेशन मात्र ९९ होतं, कारण रक्तात ॲसिड वाढलं की शरीर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायला जोरात श्वास घेतं, फुप्फुसं चांगलीच असतात, आणि आपण त्या ९९ वर फसतो. वाचली ती. पण तिचा तो पाऊण तास मी वाया घालवला, ते अजून विसरले नाहीये.

म्हणून मनगट हातात धर, नाडी बघतेय असंच वाटू दे, नजर छातीवर, पूर्ण एक मिनिट. मोजतायत हे कळलं की माणूस श्वास बदलतो. आणि डॉक्टरांना "सर, जरा दम लागलाय" असं नको सांगूस, "सर, मोजून ३६ आहे" म्हण, मग बघ कसे उठतात.

साप चावलेल्या केसलाही तेच, पूर्ण वेळ द्यायचा. पावसाळ्यात मुळशी, भोरकडून येतात. विषाने रक्त गोठायचं थांबलंय का बघायला २ मिली रक्त, कोरडी स्वच्छ काचेचीच ट्यूब, प्लास्टिकची अजिबात नको, त्यात रक्त नीट गोठत नाही आणि रिझल्ट चुकतो. २० मिनिटं ट्यूबला हात लावायचा नाही, मग एकदाच तिरकी करून बघायची. नातेवाईक डोक्यावर उभे राहून झालं का झालं का करतील, तुलाही हलवून बघावंसं वाटेल, नाही हलवायची.

उद्या तुझी इव्हिनिंग आहे ना, मी चारला येते, तासभर ट्रायजला तुझ्याबरोबर उभी राहते. सेकंदकाट्याचं घड्याळ आण, मोबाइल नको.