तलाव आहे ना गावात, मग तिथूनच सुरू कर

प्रश्न : ताई नमस्कार. मी लाखांदूर तालुक्यातल्या एका लहानशा गावचा, सध्या नागपूरला जॉब करतो. रूमवरचे मित्र आपापल्या गावचे किल्ले सांगतात तेव्हा मी चूप बसतो, आमच्या गावात ना किल्ला ना जुनं मंदिर, एक मोठा तलाव तेवढा आहे आणि पाळीवर शेंदूर लावलेला एक गोटा. गुगलवर गावाचं नाव टाकलं तर पिनकोड येते फक्त. मले गावाचा इतिहास शोधायचा आहे, सुरुवात कुठून करू?

उत्तर : अरे भाऊ, तलाव आहे आणि म्हणतो गावात काही नाही! आपल्या भंडारा-गोंदिया-चंद्रपूरकडचे हे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव (मालगुजार म्हणजे गावचा सारा गोळा करणारा जमीनदार, तलाव त्याच्या ताब्यात असायचे), कोहळी समाजाच्या लोकांनी बांधलेले आहेत, गोंड राजांच्या काळात तलाव बांधणाऱ्याले जमीन मिळायची आणि त्या पाण्यावर धानाची गावंच्या गावं वसली. मालगुजारी गेली १९५० च्या कायद्यानं, तलाव सरकारकडे गेले.

आता तुझं पहिलं काम, तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये अर्ज दे आणि गावाचं 'वाजिब-उल-अर्ज' आणि 'निस्तार पत्रक' या दोन्हीची नक्कल माग. वाजिब-उल-अर्ज मध्ये पाणी, रस्ता, मासोळी यांचे गावचे जुने रिवाज लिहिलेले असतात, निस्तार पत्रकात गुरं कुठं चारायची, लाकूड कुठून आणायचं ते. मी माझ्या वडिलांच्या गावची नक्कल काढायले गेली तेव्हा तीनदा परत पाठवलं, चौथ्यांदा मिळाली. कागद पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला, पण कोणत्या बांधीले आधी पाणी द्यायचं ते त्यात होतं अन् माझे काका आजही तसंच पाणी सोडतात. मी तिथंच बाकावर बसून रडली, खरं सांगते.

त्या गोट्याचा शेंदूर खरवडू नको, लोकांची श्रद्धा आहे. सकाळच्या तिरप्या उन्हात बाजूनं फोटो काढ. कोपरात वाकलेला बांगड्यांचा हात आणि वर चंद्र-सूर्य दिसले तर सतीचा दगड, एकावर एक चौकटी आणि त्यात लढणारा माणूस असला तर वीरगळ, म्हणजे लढाईत मेलेल्या वीराचा दगड.

१९०८ चं भंडारा जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटियर (जिल्ह्याच्या माहितीचं सरकारी पुस्तक) पण पाह्य, नेटवर फुकट पीडीएफ मिळते. आणि पवनी तर तुझ्याजवळच आहे, तिथं १९६९-७० मध्ये जगन्नाथ टेकडीवर खोदकाम झालं तर बौद्ध स्तूप निघाला, त्याआधी लोकांसाठी ती नुसती टेकडीच होती ना.

पण या सगळ्याच्या आधी गावातल्या सगळ्यात बुढ्या माणसाजवळ जाऊन बस, मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू ठेव (विचारून). तुडूम (तलावाचं पाणी सोडायचं दार) कोण उघडायचं, पाळ फुटली तर कोणत्या घरचे लोक मातीचे टोपले घेऊन धावायचे, असं विचार. "गावाचा इतिहास सांगा" म्हटलं तर बुढा चूप होते. या दिवाळीलेच जा, आणि गोट्याचा फोटो मले नक्की पाठव.