कलेसाठी मोठ्या शहरात गेल्यावर काही वर्षांनी घरी परतणे म्हणजे हार मानणे आहे का?

तुम्ही लिहिले आहे की चित्रपट दिग्दर्शक होण्यासाठी तुम्ही मोठ्या शहरात गेलात, काही वर्षे सहायक दिग्दर्शक म्हणून राबलात, स्वतःचा चित्रपट अजून दृष्टिपथात नाही, साठवलेले पैसे संपत आले आहेत आणि घरचे परत बोलावत आहेत. परतल्यास ती हार ठरेल का आणि त्यानंतर हातून काही निर्माण होईल का, असे दोन प्रश्न तुम्ही विचारले आहेत. मी दूरचित्रवाणी मालिकांसाठी संवाद लिहीत असे आणि अशाच टप्प्यावर घरी परतले. आजही लिहिते. पहिल्या प्रश्नाची लोक फार चर्चा करतात, म्हणून तो थोडक्यात आटोपते. दुसरा मात्र सविस्तर उत्तर देण्याजोगा आहे.

हार ठरेल की नाही, हे तुम्ही शहरात नेमके कशासाठी गेला होतात यावर अवलंबून आहे, आणि पुष्कळांनी ते स्वतःशीसुद्धा स्पष्ट केलेले नसते. प्रेमचंद १९३४ मध्ये मुंबईच्या एका चित्रपट कंपनीत कथालेखक म्हणून गेले, ते मुख्यतः छापखाना आणि नियतकालिके चालवताना झालेल्या कर्जापायी. तिथे आपल्या लेखनाचे काय होते हे त्यांनी वर्षभराच्या आत पाहून घेतले आणि १९३५ मध्ये ते बनारसला परतले. पुढच्याच वर्षी त्यांची 'गोदान' प्रसिद्ध झाली. प्रेमचंद मुंबईत हरले असे आज कोणी म्हणत नाही, कारण कर्ज फेडण्याची ती एक सोय होती आणि ती मनाला महाग पडू लागल्यावर त्यांनी ती सोडून दिली. तुम्ही प्रसिद्धीसाठी गेला असाल आणि ती मिळाली नसेल, तर त्याला हार म्हणायला माझी हरकत नाही. असल्या हारी पचतात. पण चित्रपट करता यावा म्हणून गेला असाल, तर तो अजून केलेला नाही एवढेच आज म्हणता येते, आणि त्याचा निकाल तुम्ही कोणत्या गावी राहता यावरून लागत नाही.

आता दुसरा प्रश्न. परतल्यावर काम थांबते ते लोकांच्या बोलण्यामुळे किंवा आत्मविश्वास खचल्यामुळे, असा सर्वसाधारण समज आहे. माझा अनुभव निराळा आहे. काम थांबते, कारण ते कोणी मागत नाही. रोज प्रसारित होणाऱ्या मालिकेत रात्री उशिरा फोन येतो की उद्या अमुक नट चित्रीकरणाला येणार नाही, तेव्हा त्याच्या तोंडची वाक्ये सासऱ्याच्या पात्राला द्या, मात्र सासऱ्याला ती गुप्त गोष्ट अजून कळलेली नाही हे सांभाळा, आणि पाने पहाटेपर्यंत पाठवा. या फोनला मी पुष्कळ शिव्या घातल्या आहेत. पण त्या फोनमुळेच पाने लिहून होत असत, आणि सकाळी सेटवर एखादे वाक्य नटाच्या जिभेवर अडखळले की ते कुठे फसले हे तिथल्या तिथे कळत असे. घरी आल्यावर वेळ भरपूर मिळाला, खोली मिळाली, आणि पाने मागणारा आणि ती नाकारणारा असे दोघेही एकदम नाहीसे झाले. माणूस मग पहिलाच प्रवेश पुन्हा पुन्हा घासत बसतो, कारण तो हातातून ओढून घेणारे कोणी नसते. कुटुंबाला हे सांगून समजत नाही. त्यांच्या दृष्टीने आता तर तुला सगळी मोकळीक आहे. आणि घरातले कौतुक हा तर वेगळाच अडथळा आहे, कारण ते प्रेमापोटी केलेले असते आणि लेखनातल्या दोषांवर पांघरूण घालते.

कॅनडाच्या चित्रकार एमिली कार यांचे उदाहरण या बाबतीत मला फार बोलके वाटते. सॅन फ्रान्सिस्को, इंग्लंड आणि फ्रान्स येथे शिकून आलेल्या या बाईंनी १९१३ मध्ये व्हँकुव्हरला आपल्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरवले. अपेक्षित आधार मिळाला नाही, तेव्हा त्या आपल्या जन्मगावी, व्हिक्टोरियाला परतल्या. तिथे त्यांनी भाडेकरू ठेवून घर चालवले, कुत्र्यांची पैदास केली, मातीची भांडी घडवून विकली आणि सुमारे पंधरा वर्षे फारच थोडी चित्रे काढली. १९२७ मध्ये ओटावाच्या राष्ट्रीय कलादालनाने त्यांची चित्रे एका प्रदर्शनात मांडली आणि त्या निमित्ताने टोरांटोचे चित्रकार लॉरेन हॅरिस व त्यांच्या गटातील इतर चित्रकारांशी त्यांची ओळख झाली. त्यानंतर त्या पुन्हा जोमाने रंगवू लागल्या आणि आज ज्या अरण्यचित्रांसाठी त्या ओळखल्या जातात, ती पन्नाशी उलटल्यानंतरची आहेत. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की त्या टोरांटोला राहायला गेल्या नाहीत. व्हिक्टोरियातच राहिल्या, आणि हॅरिस यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार अनेक वर्षे चालला. मधल्या काळात घर तेच होते, गाव तेच होते, हातही तोच होता. आपल्या तोलाचे माणूस तेवढे नव्हते. तेव्हा अशी गाठ पडायला योग लागत असे. तुम्हाला ती निघण्यापूर्वी स्वतः घालून घेता येईल.

म्हणून माझा सल्ला असा की सामान बांधण्याआधी माणसे निवडा. मोठा निर्माता किंवा नामवंत दिग्दर्शक नको, कारण त्यांना तुमच्यासाठी वेळ नसतो आणि तुम्ही त्यांच्यापुढे मोकळेपणाने कच्चे काम ठेवू शकत नाही. तुमच्याच पायरीवरचे, तुमच्याइतकेच अडलेले आणि नजर तयार असलेले एखादे माणूस पुरते. माझ्याबरोबर एका मालिकेवर काम करणारी एक संकलक होती. तिच्याशी मी ठरवून घेतले की दर पंधरा दिवसांनी मी तिला पाने पाठवीन आणि ती मला तिच्या लघुपटाचे कापलेले तुकडे पाठवील. अभिप्राय लिहायचा नाही, वाचताना किंवा पाहताना जिथे मन भरकटले तिथे समासात एक रेघ ओढायची, एवढाच नियम. एकदा माझ्या एका प्रवेशाची अख्खी दोन पाने सोडून रेघ थेट शेवटच्या ओळीशी होती आणि खाली लिहिले होते, "हे आधीच कळले होते." नियम मोडून लिहिलेली ती चार अक्षरे कोणत्याही शिबिरापेक्षा उपयोगी पडली. नेमलेल्या तारखेला पाने गेली नाहीत तर तिचा फोन येतो, आणि तो जुन्या फोनइतकाच नकोसा वाटतो.

तुमच्या बाबतीत एक अडचण आहे, ती झाकण्यात अर्थ नाही. संवाद घरून लिहिता येतात, सहायक दिग्दर्शन घरून करता येत नाही. ते काम सेटवर हजर राहून करण्याचे आहे, आणि पुढची कामे बहुतेक ओळखीतून मिळत असल्यामुळे नजरेआड झालात की नाव मागे पडते. तेव्हा परतल्यावर तो धंदा संपला असेच धरून चाला. पण तुम्हाला सहायक व्हायचे नव्हते, दिग्दर्शक व्हायचे होते. आणि कॉल शीट (उद्या कोणी, कुठे, किती वाजता हजर राहायचे त्याचा तक्ता) काढणे, कंटिन्युइटी (एका दृश्याचा पुढच्याशी मेळ) सांभाळणे, गर्दीची दृश्ये हाकणे यांतून दिग्दर्शनाची जेवढी समज यायची तेवढी काही वर्षांत येऊन गेलेली असते. उरते ते लिहिणे आणि लहान प्रमाणावर चित्रित करणे, आणि ते घरी राहून होते. नट, नेपथ्यकार किंवा छायाचित्रणकाराने मला हाच प्रश्न विचारला असता तर मी कदाचित शहरातच स्वस्त खोली शोधायला सांगितले असते.

पोटापाण्याचे काम निवडताना माझे मत थोडे हट्टी आहे: आपल्या कलेच्या शेजारचे काम घेऊ नये. दिवसभर जाहिरातींचा मजकूर लिहिणाऱ्याजवळ रात्री भाषा शिल्लक राहत नाही, आणि दिवसभर लग्नांचे चित्रीकरण करणाऱ्याला संध्याकाळी कॅमेरा डोळ्यांसमोर नको होतो. मी अर्ध्या दिवसाची कार्यालयीन नोकरी घेतली. अमेरिकन कादंबरीकार विल्यम फॉकनर न्यूयॉर्कहून परतल्यावर आपल्या गावच्या विद्यापीठात पोस्टमास्तर होते (ते काम त्यांनी इतके वाईट केले की तक्रारी होऊन १९२४ मध्ये त्यांना ते सोडावे लागले, तेव्हा तेवढे अनुकरण टाळावे), आणि पुढे १९२९ मध्ये त्याच विद्यापीठाच्या वीजघरात रात्रपाळी करत त्यांनी एक कादंबरी लिहून काढली. बाहेरच्या नोकरीचा आणखी एक लाभ आहे. घरी बसून लिहिणारा माणूस घरच्यांना रिकामा दिसतो, त्यामुळे बँकेत जाण्यापासून पाहुण्यांना स्टेशनवर आणायला जाण्यापर्यंतची सगळी कामे त्याच्याकडे येतात. ठरावीक वेळी नोकरीवर जाणाऱ्याने परतल्यावर दार लावून घेतले तर त्याला थकलेला म्हणून सोडून देतात.

लोकांच्या प्रश्नांची तुम्हाला धास्ती वाटते आहे, पण ते प्रकरण लवकर मिटते. "सध्या काय चाललंय?" याला एका वाक्याचे खरे उत्तर तयार ठेवा आणि प्रत्येकाला तेच द्या; खुलासे जितके लांबतात तितके लोकांना त्यात खोदावेसे वाटते. आईवडिलांना मात्र निघण्यापूर्वीच सांगा की तुम्ही काम करायला येत आहात, आणि महिन्याला घरात किती रक्कम देणार तेही सांगा.

आणि थकलेले मानधन शहर सोडण्यापूर्वी वसूल करा. माझे एका निर्मात्याकडे काही भागांचे पैसे अडकले होते. त्याच्या कार्यालयाच्या बाकावर जाऊन बसत होते तोवर थोडे थोडे मिळत गेले, गावी आल्यावर फोन उचलणेच बंद झाले. तुमचे ज्या चित्रपटांचे काम पूर्ण होऊनही प्रदर्शन व्हायचे आहे, त्यांच्या श्रेयनामावलीत तुमचे नाव कोणत्या पदाखाली जाणार आहे, याची निर्मितीसंस्थेकडून ईमेलवर लेखी खात्री घ्या, कारण तुमच्या मागे त्या जागी आलेल्या माणसाचे नाव तिथे छापले गेले तर दुरून भांडता येत नाही.