चाचणी हिरवी आली तरी त्या क्रोमवर बँक उघडू नका

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मार्केट यार्डातल्या काकांच्या हळदीच्या अडत दुकानात विंडोज ७ चा जुना पीसी आहे, त्यावर क्रोम १०९. टॅली, ई-वे बिल, नेट बँकिंग सगळं त्याच्यावरच. ब्राउझर तपासणाऱ्या एका साइटवर तुम्ही चाचणी केली, सगळं हिरवं आलं. मग आता निर्धास्त राहायचं का?

नाही. विश्रामबागेत दुरुस्तीला येणाऱ्या मशीनवर मी हे नेहमी बघतो. त्या हिरव्या खुणा खोट्या नसतात, पण त्या भलत्याच प्रश्नाचं उत्तर देत असतात.

चाचणीचं पान ब्राउझरला बाहेरून बघतं. टीएलएस १.३ (ब्राउझर आणि साइटमधली जोडणी गुप्त ठेवणारी पद्धत) येतं का, अशा जुन्या कच्च्या पद्धती बंद आहेत का, एवढं त्याला कळतं. टीएलएस १.३ हे २०१८ चं, त्यामुळे जानेवारी २०२३ चं क्रोम १०९ तिथे आरामात पास होतं. ब्राउझरच्या आतल्या भोकांचं काय? सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी चित्रं उलगडणाऱ्या लिबवेबपी लायब्ररीत चूक सापडली. मुद्दाम बनवलेलं चित्र पानावर नुसतं दिसलं तरी हल्ला होऊ शकत होता. क्रोम, फायरफॉक्स, एज, सगळ्यांना घाईघाईने अपडेट काढावं लागलं. असं भोक तुमच्याकडे बुजलंय का, हे ते पान तुमच्या आवृत्तीच्या आकड्यावरून ताडतं, तेही ताडलं तर. काका हळदीचा नुसता रंग बघून भाव करत नसतील, कांडी मोडून बघत असतील. इथेही तेच करायचं.

म्हणून पहिलं काम आवृत्ती बघणं. तीन ठिपके, मग मदत, मग ‘गूगल क्रोमबद्दल’. क्रोमची सुरक्षा अपडेट आता जवळजवळ दर आठवड्याला येतात. अपडेट अजून मिळणाऱ्या मशीनवर तीन ठिपक्यांशी लाल खूण दिसली तर समजा, आलेलं अपडेट आठवडाभर तरी तसंच पडून आहे. तुमच्याकडे मात्र ही खूण दिसणारच नाही. विंडोज ७ साठी १०९ ही शेवटची आवृत्ती, ११० पासून विंडोज १० लागतं. तुमचा क्रोम शांत आहे कारण त्याला कोणी काही पाठवतच नाही.

दुसरं काम मला जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि ते कोणी करत नाही. ब्राउझरला मुद्दाम नको ते दाखवा आणि तो अडवतो का बघा. बॅडएसएसएल डॉट कॉम ही साइट खास यासाठीच आहे. प्रमाणपत्र म्हणजे साइटचं ओळखपत्र. तिथे मुदत संपलेलं प्रमाणपत्र, स्वतःच सही केलेलं प्रमाणपत्र, भलत्याच नावाचं प्रमाणपत्र अशी पानं आहेत. या तिन्हींवर ब्राउझरने पूर्ण पानभर इशारा दिलाच पाहिजे. एकही पान गुपचूप उघडलं तर गडबड आहे. बऱ्याचदा ती अँटिव्हायरसची निघते. काही अँटिव्हायरस सुरक्षित जोडणीच्या मध्ये बसून सगळं तपासतात. अशा वेळी ऑनलाइन चाचणी खरं तर ब्राउझरची नव्हे, अँटिव्हायरसची होते. बँकेच्या पानावर कुलपाच्या खुणेतून प्रमाणपत्र उघडा. देणारा म्हणून अँटिव्हायरसचं नाव दिसलं तर तोच प्रकार.

आणि घड्याळ बघा! जुन्या मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली की लाइट गेल्यावर तारीख काही वर्षं मागे जाते. मग प्रत्येक साइटवर प्रमाणपत्राचा इशारा येतो, आणि दुकानातली पोरं ‘प्रगत’वर क्लिक करून पुढे जायला शिकतात. एकदा ही सवय लागली की खरा इशाराही तसाच ओलांडला जातो. बॅटरी स्वस्त आहे, आजच बदला.

ईएफएफ या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेची ‘कव्हर युअर ट्रॅक्स’ ही चाचणी चांगली आहे, पण जाहिरातवाले तुम्हाला किती ओळखतात हे ती सांगते. चोरीचा प्रश्न वेगळा, तो बहुतेकदा एक्स्टेन्शनमध्ये, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅममध्ये असतो. यादी उघडा आणि ‘सर्व वेबसाइटवरचा डेटा वाचणे आणि बदलणे’ ही परवानगी कोणाकोणाकडे आहे ते बघा. ज्याच्याकडे ती आहे, त्याला बँकेच्या पानावर टाइप केलेलंही दिसू शकतं. पीडीएफ बदलणारी, व्हिडिओ उतरवणारी फुकट एक्स्टेन्शन आधी काढा. आज चांगलं असलेलं उद्या चांगलं राहील असंही नाही. ‘द ग्रेट सस्पेंडर’ लाखो लोक वापरत होते. २०२० मध्ये ते दुसऱ्याच्या हाती गेलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने मालवेअर म्हणून बंद केलं. जाता जाता नोटिफिकेशनची परवानगी असलेल्या साइटही साफ करा. कोपऱ्यात येणारे ‘व्हायरस सापडला’ हे डबे सहसा तिथूनच येतात.

आता करायचं काय? काकांना नवा पीसी लगेच नको असेल तर टॅली जुन्यावरच राहू द्या, पण बँक आणि ई-वे बिल तिथून उचला. विंडोज ७ साठी फायरफॉक्सची ११५ ईएसआर (जास्त काळ सुरक्षा अपडेट मिळणारी) आवृत्ती मुदत वाढवत चालवली गेली, पण तिच्यावर बँकेचा संसार मांडू नका. दुसरं मशीन घ्याल तर विंडोज ११ चालणारंच घ्या, कारण विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबाही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बँकेचा पत्ता हाताने टाइप करून बुकमार्क करा. रिझर्व्ह बँकेने बँकांना डॉट बँक डॉट इनवर यायला सांगितलंय, तेव्हा पत्त्याचा शेवट तोच आहे ना, बघा. आणि पैसे गेलेच तर वाट न बघता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन लावा.

एक्स्टेन्शनची यादी इथे टाका, कुठली काढायची ते सांगतो. स्क्रीनशॉट टाकताना खात्याचे आकडे तेवढे झाका.