आजोबांची जुनी हत्यारं खरंच चांगली असतात, की ती निव्वळ भावना?

तुम्ही लिहिलंय की आजोबांची सुतारकामाची पेटी माळ्यावर पडून आहे, ठेवावी की विकावी कळत नाही. आणि शेवटी, "आता सगळ्याला मशीन मिळतं, मग हे लोखंड सांभाळायचं कशाला?" हे वाक्य मी आमच्या काकांच्या तोंडून वीस वर्षं ऐकतोय, म्हणून लिहायला बसलो.

आमचं दुकान सोलापुरात, पूर्व भागात. आजोबा हातमागाचे सुतार होते. पुढे यंत्रमाग आले तसे आण्णा, म्हणजे माझे वडील, पिकिंग स्टिक आणि धोट्याच्या पेट्या करायला लागले. धोटा म्हणजे मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणारा लाकडी तुकडा, आणि पिकिंग स्टिक म्हणजे त्याला फटका देणारा दांडा. मीही तेच करतो. धोट्याला बारीकसं कुसळ उभं राहिलं तरी ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटतो, म्हणून आमच्या कामात रंध्याचा, म्हणजे लाकूड तासून गुळगुळीत करायच्या हत्याराचा, शेवटचा हात फार महत्त्वाचा. कांद्याच्या पापुद्र्यासारखी ढलपी निघाली पाहिजे.

आजोबांच्या रंध्याचं पातं मी जाळलं तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. आण्णा परगावी गेले होते, पातं बोथट झालेलं, आणि सहाणेवर तासभर घासायचा मला कंटाळा आला. शेजारच्या वर्कशॉपमध्ये ग्राइंडर होता, त्यावर धरलं. ठिणग्या उडाल्या, कड आधी पिवळसर झाली, मग तपकिरी, मग जांभळी, मग निळी. मला वाटलं, काय झकास धार लागली! दुकानात येऊन बाभळीवर चार हात मारले आणि धार दुमडली. पोलाद ३०० अंशांच्या आसपास तापलं की निळं पडतं आणि त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं. पाणी उतरलेल्या पात्याला कितीही घासा, धार टिकत नाही.

काका तिथेच होते. म्हणाले, "लोखंड ते लोखंड. जा, नवं घेऊन ये." आणलं. जेमतेम २ मिलिमीटर जाडीचं. आमच्या रंध्यात ते पाचरीखाली नीट बसेना, आणि बाभळीची गाठ आली की थरथरायचं. फळीवर लाटा उठायच्या. जुनं पातं धारेपाशी ५ मिलिमीटरच्या आसपास जाड आहे, ते हलत नाही. शिवाय ते सबंध एकाच धातूचं नाही. मऊ लोखंडावर कठीण पोलादाचा पातळ थर भट्टीत तापवून ठोकून जोडलेला आहे. सहाणेवर घासलं की मधली रेघ स्पष्ट दिसते, एक बाजू मळकट, दुसरी आरशासारखी. वर 'शेफील्ड' आणि 'कास्ट स्टील' असा ठसा आहे. कास्ट स्टील म्हणजे मुशीत वितळवून केलेलं पोलाद, १७४० च्या दशकात शेफील्डमध्ये बेंजामिन हंट्समननं ते करायला सुरुवात केली. कठीण थर धार धरतो, मऊ भाग धक्का सोसतो आणि लवकर घासला जातो. यात भावना कुठे आली?

आण्णा परत आले. पातं बघितलं, काही बोलले नाहीत. तीन संध्याकाळी पाणी टाकत टाकत सहाणेवर घासून त्यांनी निळा पडलेला सगळा भाग काढून टाकला. पात्याची ४ मिलिमीटर लांबी गेली. शेवटी ट्यूबलाइटखाली धरून मला दाखवलं: कडेवर पांढरी रेघ चमकत असेल तर धार लागलेली नाही. लागली की कड दिसेनाशी होते. ग्राइंडरवर मी परत ते पातं कधी नेलं नाही.

आणखी एक गोष्ट काकांना कधीच पटली नाही. आजोबा डावखुरे होते. रंध्याची मागची मूठ त्यांच्या अंगठ्यानं डाव्या हाताच्या बाजूने झिजलेली आहे. मीही डावखुरा. माझा अंगठा त्या खोलगट जागेत आपसूक जातो. काका उजव्या हाताचे, त्यांना तो रंधा आयुष्यभर टोचला. त्यांनी "हा रंधा माझ्या हाताचा नाही" म्हटलं असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण ते म्हणाले, "भंगार आहे."

आणि एका वर्षी गड्ड्याच्या यात्रेआधी घर रंगवायला काढलं तेव्हा त्यांनी आजोबांचा वाकस (लाकूड तासायचं कुऱ्हाडीसारखं हत्यार), मोठी करवत आणि गुण्या (काटकोन बघायची पट्टी) किलोच्या भावानं भंगारवाल्याला दिले. पेटीत प्रत्येक हत्याराची जागा कोरलेली आहे. खंडेनवमीला पेटी उघडून झेंडूची फुलं वाहतो तेव्हा त्या तीन जागा रिकाम्या दिसतात.

आता तुमच्या पेटीचं. गंज रॉकेलमध्ये भिजवून बारीक पॉलिश पेपरनं काढा, ॲसिड लावू नका. पुसून मशीनचं तेल लावा. हातोडीचा दांडा सैल असेल तर आधी तो बदला, डोकं उडून कुणाला तरी लागेल. सगळंच जुनं चांगलं नसतं, हेही सांगतो. गिरमिट मी वर्षानुवर्षं हातात घेतलेलं नाही, ड्रिल मशीनपुढे ते टिकत नाही. तुमचं काम प्लाय आणि सनमायक्याचं असेल तर रंधा वापरूच नका, प्लायमधल्या गोंदानं धार मरते. आणि आजोबांनी स्वस्तातलं घेतलेलं पातं आज जुनं झालं म्हणून शेफील्डचं होत नाही. ठसा बघा, दोन थर दिसतात का बघा.

विकायचंच ठरलं तर वजनावर देऊ नका. काम करणाऱ्या सुताराला घरी बोलवा, हत्यार त्याच्या हातात द्या, आणि तो मूठ कशी धरतो ते बघून ठरवा.

आमच्या वाकसाच्या दांड्यावर, मुठीच्या वर, तीन आडव्या खाचा आहेत. सोलापुरात कुणाच्या दुकानात किंवा जुन्या बाजारात दिसला तर कळवा. मागाल ती किंमत देईन.